मोटारीचा कालनिर्णय व कारखान्याचें दप्तर

मुळशी तालुक्यांतील पौड मावळ व मुठे खोरें यांतील जुने कागद वाचणारास पहिली ठेच लागते ती सनाची. शुहूर सन मृगीं बदलतो. त्यामुळें सन खमस सबैन अलफ, म्हणजे १०७५, हा इ. स. १६७४ त सुरू होतो खरा, परंतु त्याच सनांतील माघ महिन्याचा कागद १६७५ चा ठरतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ व पुढें ६०० मिळवावे, हें गणित साधें आहे; तरी तें विसरल्यामुळें वर्षभर मागें पडलेलीं पत्रें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

जुन्या अमेरिकन मोटारींचा संग्रह करणारांस नेमकी हीच अडचण येते. तेथील कारखान्यांचें 'मॉडेल वर्ष' जानेवारींत सुरू न होतां आदल्या शरदृतूंत होई. म्हणून १९६८ च्या ऑक्टोबरांत तयार झालेली गाडी १९६९ ची म्हणून नोंदली जाते. फोर्डच्या मस्टँग गाडीचा प्रकार याहून मौजेचा आहे. तिचें उत्पादन ९ मार्च १९६४ रोजीं सुरू झालें व विक्री १७ एप्रिल १९६४ रोजीं. पण अगदीं पहिल्या गाडीच्या क्रमांकांतही वर्षाचा आंकडा ५, म्हणजे १९६५, असाच आहे. शौकीन लोक या आरंभींच्या गाड्यांस 'साडेचौसष्टच्या' म्हणतात. कारखान्याच्या दप्तरांत असें वर्षच नाहीं. मग त्या ओळखावयाच्या कशा? अंतर्गत पुराव्यानें. १९६४ च्या उन्हाळ्यापर्यंतच्या गाड्यांस जनरेटर असे, पुढें त्याच्या जागीं आल्टरनेटर आला. अक्षराच्या वळणावरून कागदाचा काळ ठरविण्यासारखाच हा प्रकार होय.

ओतीव भागांवरील खुणांविषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे. शेव्हरोलेच्या एंजिनाच्या ठोकळ्यावर ओतकामाची तारीख उठविलेली असते: महिन्यास ए पासून एल पर्यंत एक अक्षर, मग दिवस, आणि शेवटीं बहुधा वर्षाचा केवळ अखेरचा आंकडा. 'ए १४ ९' म्हणजे १४ जानेवारी, साल नऊ. हें नऊ १९५९ चें कीं १९६९ चें, तें खूण सांगत नाहीं. संवत्सराचें नांव आहे पण शक दिला नाहीं, अशा कागदासारखी ही स्थिति आहे. फरक इतकाच कीं आपलें चक्र साठ वर्षांचें, यांचें दहांचें. ठोकळ्याच्या जातीचा क्रमांक ताडून हा संशय बहुधा फिटतो. मात्र एक नियम निरपवाद आहे: ओतीव भाग गाडीच्या जुळणीच्या आधींचा असला पाहिजे. गाडीहून तरुण एंजिन आढळलें कीं तें मागाहून बसविलें असें निःशंक समजावें. कागदावरील जलचिन्हाचें साल लेखनाच्या मितीनंतरचें निघालें म्हणजे आपण तो लेख बनावट ठरवितों, तोच न्याय येथें लागू आहे.

परंतु अंतर्गत पुरावा कांहीं ठिकाणीं अगदींच लुळा पडतो. पाँटिॲक जीटीओ ही पहिली 'मसल कार', म्हणजे मध्यम आकाराच्या सांगाड्यांत मोठें एंजिन घातलेली गाडी, असें सामान्यतः मानितात. मध्यम गाड्यांत ३३० घन इंचांहून मोठें एंजिन घालूं नये असा जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता. तो चुकविण्यासाठीं १९६४ सालीं ३८९ घन इंचांचें एंजिन टेंपेस्ट लमॅन्स या गाडीवरील ऐच्छिक सामान म्हणून विकण्यांत आलें. त्या वर्षीं अशा ३२,४५० गाड्या गेल्या. स्वतंत्र गाडी नसल्यामुळें १९६४ व १९६५ च्या क्रमांकांत जीटीओची खूण नाहीं; ती १९६६ पासून येते. साध्या लमॅन्सवर पट्ट्या व नामफलक लावून जीटीओ बनविणें यामुळें सोपें झालें, आणि किंमतींतील अंतर मोठें असल्यानें लोकांनीं तें केलेंही. अशा वेळीं निकाल देतें तें कारखान्याचें दप्तर. पाँटिॲकच्या गाडीवार बिलांच्या नोंदी सूक्ष्मफितींवर जतन झाल्या असून त्यांची नक्कल मागवितां येते.

सर्वांचेंच दप्तर इतकें सुदैवी नाहीं. फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदी उपलब्ध आहेत, त्यापूर्वींच्या मस्टँगांस तो आधार नाहीं. अमेरिकेंत विकलेल्या त्या काळच्या शेव्हरोलेंच्या गाडीवार नोंदी बहुतेक राहिल्या नाहींत; कॅनडांत विकलेल्यांच्या मात्र तेथील शाखेनें जपल्या. वतनदाराच्या घरची सनद जळावी आणि तिची नक्कल देशपांड्याच्या दप्तरांत सांपडावी, तसें हें झालें. शेव्हरोलेवाल्यांची भिस्त मग 'बिल्ड शीट' या जुळणीच्या कागदावर असते. तो कधीं आसनाच्या स्प्रिंगांत, कधीं पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर चिकटलेला, अर्धवट कुजलेला सांपडतो.

दप्तर हातीं आलें तरी कोणती तारीख घ्यावी हा प्रश्न राहतोच. फोर्डच्या नोंदींत मागणीची, योजिलेल्या जुळणीची, प्रत्यक्ष तयार झाल्याची व विक्रीची अशा निरनिराळ्या तारखा असतात. दारावरील पट्टी योजिलेली तारीख दाखविते, तीही वर्षावांचून. पत्राच्या शेवटची छ आणि पाठीवरची पैवस्ती यांत गल्लत केल्यास जो घोटाळा होतो, तोच येथें होतो. क्रमांकावरून अनुक्रम काढणेंही धोक्याचें. मस्टँगचा १००००१ हा क्रमांक ज्या गाडीस आहे, ती न्यूफाउंडलंडांत स्टॅन्ली टकर या वैमानिकास चुकून विकली गेली, व फोर्डनें १९६६ सालीं नवी गाडी देऊन ती परत घेतली. पण पहिल्या क्रमांकाची म्हणून ती पहिली बांधली गेली असें सिद्ध होत नाहीं.

आपल्याकडे या भेदास कायद्याचेंही महत्त्व आलें आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें 'व्हिंटेज' गाडीचीं पन्नास वर्षें मोजावयाचीं तीं पहिल्या नोंदणीपासून. मॉडेल वर्षापासून नव्हे, कीं ओतकामापासूनही नव्हे. शिवाय सांगाडा, बांधा व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. तेव्हां पहिल्या नोंदणीचें पुस्तक गाडीइतकेंच जपावें, आणि गाडी रंगाऱ्याकडे देण्यापूर्वीं ओतीव भागांवरील अक्षरांचे ठसे, शिलालेखाचे घेतों तसे, कागदावर उतरून घ्यावे.