आकाशातून सापडलेलं बंदर

जमीन म्हणावी तर पाणी, पाणी म्हणावं तर चिखल! इटलीतल्या पो नदीच्या मुखाशी असल्या जागेत एट्रस्कन लोकांनी इ.स.पू. सहाव्या शतकात स्पिना हे बंदर वसवलं. लाकडी खुंट रोवून घरं उभारली, कालवे खणले. श्रीमंती इतकी, की डेल्फीच्या ग्रीक देवस्थानात स्पिनाचं स्वतःचं कोषागार होतं. पण नदी गाळ आणत राहिली आणि समुद्र मागे हटत गेला. स्ट्रॅबो हा भूगोलकार लिहितो, तेव्हा स्पिनाचं खेडं झालेलं होतं आणि समुद्र सुमारे 16 किलोमीटर लांब. पुढे खेडंही बुजलं.

1922 मध्ये कोमाक्किओजवळची खारी दलदल शेतीसाठी कोरडी करताना चिखलातून थडगी निघू लागली. आजवर 4 हजारांहून अधिक सापडली आहेत. त्यांत अथेन्सची उंची भांडी आहेत: काळ्याभोर अंगावर तांबूस देव आणि योद्धे, मद्यात पाणी कालवायचे भलेमोठे घट. फेरारातल्या संग्रहालयात ती दालनंच्या दालनं भरून मांडली आहेत.

दफनभूमी मिळाली, मग गाव कुठे? ते 1956 मध्ये विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत दिसलं. बुजलेल्या कालव्यात ओलसर गाळ असतो, त्यावर झाडोरा दाट आणि गडद उगवतो; वस्तीच्या जागी तो विरळ, फिकट राहतो. जमिनीवर उभं राहून काहीच कळत नाही. वरून मात्र मोठा सरळ कालवा, त्याला येऊन मिळणारे छोटे कालवे आणि मधले वस्तीचे चौकोन स्पष्ट उमटले होते. पुरातत्त्वज्ञ नेरेओ आल्फिएरी यांनी ते ओळखलं. ज्या गाळाने बंदर मारलं, त्यानेच त्याचा नकाशा जपून ठेवला, याचं मला भारी नवल वाटतं!

अथेन्सची गलबतं भांडी उतरवून रिकामी थोडीच परतत असतील? पोच्या सुपीक खोऱ्यातलं धान्य ती भरून नेत असावीत, असं अभ्यासक मानतात. धान्य खाल्लं की संपतं, खापर उरतं. म्हणून या व्यवहाराची एकच बाजू आपल्याला ठसठशीत दिसते. बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबरही याच भागातून दक्षिणेकडे जाई.

स्ट्रॅबोने स्पिनाला ग्रीक शहर म्हटलं आहे. भांड्यांवर खरवडलेल्या अक्षरांत मात्र ग्रीकही सापडतं आणि एट्रस्कनही, आणि त्यात एट्रस्कनच जास्त.