चिलखत: करावं की करवून घ्यावं?

जुलै २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाला एका पेचाचा निकाल द्यावा लागला. प्लास्टिकचं एक पांढरं शिरस्त्राण हे शिल्प मानायचं की नाही? शिरस्त्राण होतं १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या स्टॉर्मट्रूपर नावाच्या सैनिकांचं. चित्रपटासाठी ती शिरस्त्राणं आणि चिलखतं लंडनजवळच्या ट्विकनहॅममधल्या अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने प्लास्टिकच्या पत्र्यांपासून काढून दिली होती. सत्तावीस वर्षांनी, २००४ मध्ये, त्याने तीच शिरस्त्राणं हौशी लोकांना विकायला काढली आणि लुकासफिल्म कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. शिरस्त्राण म्हणजे शिल्प ठरलं असतं, तर त्यावरचा स्वामित्वहक्क दीर्घकाळ टिकला असता. न्यायाधीशांनी मात्र सांगितलं की ही चित्रपटात वापरायची वस्तू आहे, शिल्प नव्हे. ब्रिटनमध्ये विकायला एन्सवर्थ मोकळा झाला. अमेरिकेतल्या हक्कांबाबत दाद मागायची वाट कोर्टाने लुकासफिल्मसाठी उघडी ठेवली.

एवढा खटाटोप कशासाठी, तर गिऱ्हाईक होतं म्हणून. अंगावर तोच पांढरा सांगाडा चढवून मिरवण्याची हौस जगभर आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायनामधल्या अल्बिन जॉन्सन यांनी अशा हौशींसाठी ‘५०१वी लीजन’ नावाचा क्लब सुरू केला आणि आज तो कितीतरी देशांत पसरला आहे. ही मंडळी चित्रपटातल्या खलनायकांचे वेश करतात आणि त्या वेशात मुलांच्या इस्पितळांत जातात, मदतनिधी गोळा करतात. क्लबचा नियम साधा आहे. वय अठरा पूर्ण हवं आणि चिलखत स्वतःचं हवं. ते चित्रपटातल्यासारखं आहे की नाही, हे फोटो मागवून बारकाईने तपासलं जातं. खांद्यावरच्या पट्ट्या, पायातले बूट, शिरस्त्राणाच्या काचेचा रंग, सगळं. क्लब चिलखत विकत नाही. त्यामुळे दाराशी आलेल्या प्रत्येक नवख्यापुढे पहिला सवाल तोच असतो: घरी बनवायचं, की जाणत्या माणसाकडून करवून घ्यायचं?

या सवालावर ठरलेलं उत्तर मिळतं. पैसा असेल तर करवून घ्या, वेळ असेल तर स्वतः करा. ऐकायला बरं वाटतं, पण ते निम्मंच खरं आहे, कारण चिलखत हा कपडा नव्हे. शिंप्याने शिवलेला सदरा अंगात घातला की काम संपतं. चिलखताचे वीसेक कडक तुकडे असतात आणि ते आतून पट्ट्या, इलॅस्टिक, बकलं आणि टिच बटणांनी अंगावर टांगावे लागतात. पट्टी किती घट्ट हवी, मांडीचा तुकडा कंबरेपासून किती खाली लोंबावा, हे कागदावरच्या मापांतून कळत नाही. अंगावर चढवून, चालून, वाकून, जिना उतरूनच कळतं. करवून घेतलेलं चिलखतही शेवटी ज्याने घालायचं त्यालाच बसवून घ्यावं लागतं.

जुन्या काळी राजेलोकांनी यावर उपाय काढला होता, तो म्हणजे कारागीरच जवळ ठेवायचे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने ग्रीनिचच्या राजवाड्यापाशी इटली आणि जर्मनीकडचे चिलखत करणारे कारागीर आणून बसवले. त्याची वेगवेगळ्या वयांतली चिलखतं आजही पाहायला मिळतात. त्यातल्या १५४०च्या चिलखताची कंबर एक्कावन्न इंच भरते. तरुणपणीची चिलखतं त्याच्या अंगात पुन्हा जाणं शक्यच नव्हतं. राजाला परवडतं. बाकीच्यांना वजन चार किलोने वाढलं तरी पाठीमागची पट्टी उसवून पुन्हा लावावी लागते आणि तेव्हा कारागीर दुसऱ्या खंडात बसलेला असतो.

स्टॉर्मट्रूपरच्या बाबतीत मधला एक मार्ग रूढ आहे: किट. एबीएस प्लास्टिकचा पातळ पत्रा भट्टीत तापवतात. तो झोळीसारखा लोंबायला लागला की साच्यावर दाबून खालून हवा ओढून घेतात आणि पत्रा साच्याच्या अंगाला चिकटून बसतो. हेच व्हॅक्यूम फॉर्मिंग. असे तुकडे बनवून विकणारे हौशी कारागीर आहेत. घरी एक भलामोठा तपकिरी खोका येतो. त्यात छाती, पाठ, दंड, मांड्या, पोटऱ्या, सगळे तुकडे असतात, पण कडेचं फालतू प्लास्टिक तसंच, भोकं न पाडलेली, एकाला एक न जोडलेले.

इथून खरं काम सुरू होतं. दंडाचे दोन अर्धे भाग घ्यायचे. कडेला पेन्सिलीने रेघ मारायची, कटरचं पातं रेघेवरून दोन-तीनदा हलकेच फिरवायचं आणि प्लास्टिक उलट्या बाजूला वाकवायचं. कट्‌ असा आवाज होऊन ते रेघेवर नीट मोडतं. मग दोन्ही भाग स्वतःच्या दंडाभोवती धरून चिकटपट्टीने बांधायचे, हात वाकवून पाहायचा, पुन्हा रेघ मारायची, पुन्हा मोडायचं. जास्त कापलं तर परत येत नाही, म्हणून प्रत्येक वेळी दोन मिलिमीटर कमीच कापायचं. जोडावर पंधरा-वीस मिलिमीटर रुंदीची पांढरी पट्टी येते. ती ‘ई-६०००’ नावाच्या गोंदाने चिकटवून चिमटे आणि लोहचुंबक लावून निदान रात्रभर ठेवायची. हा गोंद हौशींना प्रिय असण्याचं कारण विचित्र आहे. तो फार पक्का नाही. चुकलं तर ओढून सोलता येतो. पटकन चिकटणाऱ्या गोंदाने जोडलेलं चिलखत चुकलं की तुकडाच फुटतो. कुठे फट राहिली तर कापलेल्या एबीएसचेच कपटे ॲसिटोनमध्ये विरघळवून त्याचा लेप भरतात. रंग अगदी तोच येतो.

अशा किटला साधारण पाचशे ते हजार डॉलर पडतात आणि संध्याकाळी-सुट्टीला थोडं थोडं काम करत महिने जातात. पूर्ण जोडून दिलेलं चिलखत मागवलं तर मजुरीपोटी आकडा बराच चढतो. त्यात कुरिअरवाले वजनापेक्षा खोक्याच्या आकारावर भाडं लावतात आणि चिलखत म्हणजे बहुतांशी हवाच. भारतात मागवायचं तर सीमाशुल्क आणखी वेगळं.

आपल्याकडे म्हणूनच दुसरं साहित्य जास्त चालतं. भारतातला पहिला कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सप्रेमींचा मेळावा, फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत झाला, पुढे तो मुंबईत आणि इतर शहरांत आला आणि मराठी घरांतही कॉस्प्ले, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करणं, हा शब्द रुळला. मुंबई-पुण्याच्या या मेळाव्यांत दिसणारी बहुतेक चिलखतं ईव्हीए फोमची असतात. चपला-बुटांचे तळवे ज्याचे होतात आणि व्यायामशाळेत, पाळणाघरात एकात एक अडकणाऱ्या ज्या चटया टाकतात, तोच हा फोम. दहा मिलिमीटरची जाड चटई छातीला, चार-पाच मिलिमीटरची पातळ शीट बारकाव्यांना. धारदार कटरने कापायचा, हीट गनने तापवायचा. तापला की वरची बारीक छिद्रं मिटतात, पृष्ठभाग चकाकतो आणि फोम गुडघ्यावर दाबून हवा तसा वळवता येतो. गार झाला की वळण टिकतं. चांभार वापरतात तसलं रबराचं सोल्युशन दोन्ही कडांना लावून ते जरा वाळेपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. एकदा टेकलं की सरकत नाही. सोल्युशनचा वास डोक्यात जातो आणि फोम घासताना उडणारी पूड छातीत, म्हणून खिडकी उघडी आणि तोंडावर चांगला मास्क हवाच. घरचे लोक वासावरून बोलतात ते उगीच नाही.

फोमच्या चिलखताचा साचा काढायची घरगुती रीत पाहण्यासारखी आहे. एकाने उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच्या धडाभोवती स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळायची आणि वरून चिकटपट्टीचे थर द्यायचे. त्यावर मार्करने चिलखताच्या रेषा काढायच्या, छातीची प्लेट कुठे संपते, बरगडीचा सांधा कुठे येतो. मग मागून जपून कापून ही खोळ उतरवायची आणि रेषांवरून तुकडे करायचे. सपाट न होणाऱ्या तुकड्यांना चिरा देऊन ते कागदावर उतरवले की स्वतःच्या अंगाचाच नकाशा हाती येतो. ‘आयर्न मॅन’सारख्या गुंतागुंतीच्या चिलखतासाठी पेपाकुरा हे जपानी सॉफ्टवेअर वापरतात. ते संगणकातल्या घनाकृतीची घडी उलगडून छापण्याजोगे कागदी तुकडे करून देतं. पण अंगावर गुंडाळलेल्या पट्टीइतकं प्रामाणिक माप त्यातून मिळत नाही.

स्वतः करण्याचा मोह कुठवर जातो, याचा नमुना म्हणजे ॲडम सॅव्हेज. ‘मिथबस्टर्स’ कार्यक्रमामुळे हा अमेरिकी कारागीर घरोघरी पोचला. शाळेत असताना ‘एक्सकॅलिबर’ हा १९८१चा चित्रपट पाहून त्याला किंग आर्थरच्या चिलखताने झपाटलं. वडिलांच्या मदतीने त्याने छपराच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं चिलखत केलं, रिव्हेट ठोकून जोडलं आणि हॅलोविनला शाळेत घालून गेला. गणिताच्या तासाला उकाड्याने तो बेशुद्ध पडला. हा किस्सा त्याने स्वतः २०१६च्या आपल्या टेड व्याख्यानात सांगितला आहे. पण पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. हाताने काहीही घडवू शकणाऱ्या या माणसाने मोठेपणी ‘एक्सकॅलिबर’चं चिलखत स्वतः केलं नाही. मूळ चित्रपटाची चिलखतं ज्या टेरी इंग्लिश यांनी ठोकून घडवली होती, त्यांच्याकडूनच करवून घेतलं. त्याला कारागिरी येत होती म्हणूनच कोणाकडे काय मागायचं हेही त्याला कळत होतं.

नवख्याचं घोडं इथेच अडतं. करवून घ्यायचं तर नेमकं काय मागायचं हे ठाऊक हवं. ‘मॅंडलोरियनसारखं हवं’ (म्हणजे ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या त्या चिलखतधारी योद्ध्यासारखं) एवढं सांगून भागत नाही. चिलखताचा रंग मालिकेच्या कोणत्या भागातला, ते घालून बसता आलं पाहिजे का, शिरस्त्राणाच्या आत चष्मा मावला पाहिजे का, मान किती वळली पाहिजे, गाडीतून न्यायचं की लोकलमधून, हे आधी न ठरवता दिलेलं काम हमखास वादात जातं. निम्मे पैसे आगाऊ देण्याची पद्धत आहे आणि चांगल्या कारागिराकडे महिनोन्‌महिने रांग असते. आगाऊ रक्कम देण्याआधी त्याची पूर्ण झालेली दोन-तीन कामं अंगावर घातलेल्या अवस्थेत पाहावीत. टेबलावर मांडलेल्या तुकड्यांचे फोटो कोणीही देखणे काढतो. मुंबईत नाटक-सिनेमाच्या ड्रेपरीवाल्यांची मोठी परंपरा आहे, पण त्यांचं काम मुळात भाड्याचं असतं. कोणाच्याही अंगावर थोडंफार बसेल असं ते बेततात. एकाच देहासाठी घडवलेलं चिलखत हा वेगळाच हिशेब आहे.

तरीही पहिल्या चिलखतात एक वस्तू करवून घ्यावी, ती म्हणजे शिरस्त्राण. गोल घुमट फोममध्ये बेतणं सगळ्यात कठीण आणि पाहणाऱ्याची नजर आधी चेहऱ्यावरच जाते. थ्री-डी प्रिंटिंगने शिरस्त्राण छापून देणारे आता आपल्या शहरांतही मिळतात. छापलेल्या थरांच्या रेषा पॉलिश पेपरने घासून घालवायच्या, मग प्रायमर, मग रंग. फक्त नेहमीचं पीएलए प्लास्टिक साठेक अंश सेल्सिअसला मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलेलं शिरस्त्राण संध्याकाळी वाकडं झालेलं सापडू शकतं. बाकी धड, हात, पाय फोममध्ये स्वतः करावेत. काही हजार रुपयांत भागतं, बिघडलं तर तेवढाच तुकडा पुन्हा कापता येतो, आणि ऐन मेळाव्यात खांद्याचा तुकडा निखळला तर तो कसा जोडला होता हे घालणाऱ्याला माहीत असतं. हौशी माणसं म्हणूनच कंबरेच्या पिशवीत गोंद, सुई-दोरा, सेफ्टी पिना आणि जास्तीची टिच बटणं बाळगतात.

पहिल्याच खेपेला एबीएस किट घेऊ नये असं नाही. पण चूक झाली की ती महाग पडते, आणि कापण्याचा सराव हातात बसण्याआधी हजार डॉलरच्या प्लास्टिकवर तो करणं शहाणपणाचं नाही. ज्याला क्लबची परीक्षाच द्यायची आहे, त्याने किट मागवावं आणि सुरुवात दंडापासून करावी, छातीपासून नव्हे.

मेळाव्याच्या निदान तीन आठवडे आधी घरात पूर्ण चढवून दोन तास काढावेत. शिरस्त्राणातून समोरचं थोडंसंच दिसतं. १९७७च्या चित्रपटातही एका स्टॉर्मट्रूपरचं डोकं दारावर आपटलेलं दृश्य तसंच राहून गेलं आहे. म्हणून जिना चढताना-उतरताना बाजूला एक जण हवा. पाणी प्यायचं असेल तर शिरस्त्राण काढावं लागेल, ते कोण धरणार? स्वच्छतागृहात जायचं तर कंबरेचा तुकडा किती मिनिटांत सुटतो? मुंबईच्या दमट हवेत आत छोटा पंखा बसवला तरी काचेवर वाफ धरते. जिथे चामडी लाल झाली तिथे मार्करने खूण करावी, आतून फोमचा मऊ तुकडा चिकटवावा आणि पट्टी दोन सेंटिमीटरने सैल करून पुन्हा अर्धा तास घालून पाहावं.