राष्ट्रीय पातळीवरील मानव संसाधन विकास : व्याख्या आणि दृष्टिकोन

उद्दिष्टे

या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• मानव संसाधन विकासाच्या व्यापक व संकुचित व्याख्यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• जर्मनी, सिंगापूर आणि भारत यांच्या दृष्टिकोनांची तुलना करता येईल.
• एखाद्या देशाच्या धोरणाचे परीक्षण कोणत्या प्रश्नांच्या आधारे करावे, हे सांगता येईल.

१. प्रास्ताविक

कामगाराला नवे कौशल्य शिकवायचे, तर त्याचा खर्च कोणी सोसावा? कामगाराने, मालकाने की शासनाने? आणि त्या कौशल्याचा लाभ कोणाच्या पदरात पडावा? हे प्रश्न वरवर पाहता हिशेबाचे वाटतात. परंतु निरनिराळ्या देशांनी त्यांची निरनिराळी उत्तरे दिली आहेत आणि त्या उत्तरांतूनच त्या त्या देशाची मानव संसाधन विकासाची कल्पना आकाराला आली आहे.

२. तीन व्याख्या

१९६४ मध्ये हार्बिसन आणि मायर्स या अर्थशास्त्रज्ञांनी समाजातील सर्व लोकांचे ज्ञान, कौशल्ये व क्षमता वाढविण्याच्या प्रक्रियेला मानव संसाधन विकास म्हटले. यातील ‘सर्व लोकांचे’ हे शब्द आपण अधोरेखित करून ठेवावेत. लिओनार्ड नॅडलर यांच्या व्याख्येचा भर याहून वेगळा आहे. ठरावीक कालावधीत, हेतुपूर्वक आखलेले अध्ययन अनुभव हा तिचा गाभा असून तिचा वापर प्रामुख्याने उद्योगसंस्थांच्या संदर्भात झाला. पहिली व्याख्या समाजाकडे पाहते, तर दुसरी कामाच्या जागेकडे.

१९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पहिला मानव विकास अहवाल प्रसिद्ध केला. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांच्या आधाराने घडलेल्या या भूमिकेने तिसरी दृष्टी दिली. माणूस हे उत्पादनाचे केवळ साधन नाही. त्याचे आयुष्य समृद्ध होणे हेच विकासाचे साध्य आहे, अशी ही दृष्टी होय.

३. तीन देश, तीन वाटा

(अ) जर्मनी : येथील व्यवसाय शिक्षणाची पद्धती ‘द्विस्तरीय’ म्हणून ओळखली जाते. शिकाऊ उमेदवार आठवड्यातील काही दिवस उद्योगात प्रत्यक्ष काम करतो व उरलेला वेळ व्यवसाय शाळेत शिकतो. उद्योग त्याला विद्यावेतन देतो, शाळांचा भार शासन उचलते आणि परीक्षा उद्योग-व्यापार मंडळे घेतात. १९६९ च्या कायद्याने या पद्धतीला देशव्यापी चौकट दिली. खर्च आणि जबाबदारी यांची वाटणी हे तिचे बलस्थान आहे. मात्र बहुतेक प्रांतांत मुलांची शैक्षणिक वाट दहाव्या वर्षाच्या आसपासच निश्चित होऊ लागते, अशी टीका तेथील शिक्षणव्यवस्थेवर होते.

(आ) सिंगापूर : नैसर्गिक साधनसंपत्ती नसलेल्या या नगरराष्ट्राने माणसांवरच भिस्त ठेवली. १९७९ मध्ये कौशल्य विकास निधी स्थापन करून, कमी वेतनाच्या कामगारांमागे मालकांवर आकार बसविण्यात आला. स्वस्त श्रमावर विसंबून न राहता मालकांनी कामगारांना अधिक कुशल करावे, हा त्यामागील हेतू होता. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्किल्सफ्यूचर’ उपक्रमात २५ वर्षे व त्यावरील नागरिकांना प्रशिक्षणासाठी ५०० सिंगापूर डॉलर इतके प्रारंभिक साहाय्य देण्यात आले. येथे निवडीचा काही अधिकार मालकाकडून नागरिकाकडे आलेला दिसतो.

(इ) भारत : उद्योगक्षेत्रात उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या शिफारशींवरून लार्सन अँड टुब्रो कंपनीने १९७५ मध्ये स्वतंत्र मानव संसाधन विकास व्यवस्था उभारली. १९८५ मध्ये केंद्र शासनाने शिक्षण मंत्रालयाला मनुष्यबळ विकास मंत्रालय असे नाव दिले. २०१४ मध्ये कौशल्य विकासासाठी निराळे मंत्रालय निर्माण झाले आणि २०२० मध्ये जुन्या मंत्रालयाला पुन्हा ‘शिक्षण मंत्रालय’ हे नाव मिळाले. शिक्षण आणि कौशल्य यांना एकाच छत्राखाली ठेवावे की नाही, या प्रश्नाचे पडसाद या नामांतरांत उमटलेले आहेत.

४. भारतापुढील पेच

आपल्या देशातील बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रात आहेत. गवंडी, शेतमजूर, घरकाम करणारी स्त्री यांच्यापैकी अनेकांना कायमचा मालकच नसतो. त्यामुळे जर्मनीप्रमाणे मालकाने शिकवावे, ही अपेक्षा त्यांच्या बाबतीत निष्फळ ठरते. शिवाय यांतील अनेकांजवळ कौशल्य असते, पण प्रमाणपत्र नसते. पूर्वज्ञानाला चाचणीद्वारे मान्यता देण्याची तरतूद प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे, ती याच कारणास्तव. तथापि केवळ प्रमाणपत्राने वेतन वाढतेच असे नाही. त्यासाठी त्या प्रमाणपत्राला बाजारात किंमत मिळावी लागते.

५. सारांश

व्याख्या ही केवळ शब्दांची मांडणी नसते. कोणाला शिकण्याचा हक्क आहे, हे तीत गृहीत धरलेले असते. उद्योगसंस्थेपुरती व्याख्या स्वीकारली, तर मालक नसलेला माणूस धोरणाबाहेर राहतो. म्हणून कोणत्याही देशाचे धोरण अभ्यासताना तीन प्रश्न विचारावेत : खर्च कोण करतो? निवड कोण करतो? आणि वगळले कोण जाते?

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. हार्बिसन-मायर्स आणि नॅडलर यांच्या व्याख्यांतील फरक सांगा.
२. सिंगापूरच्या १९७९ च्या निधीमागील हेतू स्पष्ट करा.
३. आपण नोकरी, शेती वा संसार सांभाळून हे शिक्षण घेत आहात. त्यासाठी लागणारा पैसा व वेळ कोण पुरवते आणि त्याचा लाभ कोणाकोणाला होईल, यावर दहा ओळी लिहा.