आधी ढाका, मग रियाध

भंडारा जिल्ह्यातली एखादी शाळा सुब्रतो कप फुटबॉलमध्ये जिल्ह्यात पहिली आली, की तिला लगेच दिल्लीची गाडी पकडावी लागत नाही. आधी नागपूर विभाग. तिथे गोंदिया, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचे विजेते भेटतात. पुढे राज्य, आणि तिथे जिंकले तरच देशपातळी. तुमसर किंवा साकोलीच्या क्रीडाशिक्षकाला यामागचे कारण कुणी सांगावे लागत नाही. शेजारच्या जिल्ह्याशी खेळताना संघाला स्वतःची पातळी कळते, हरलो तर कशामुळे हरलो हे दिसते, आणि प्रवासाचा खर्चही आवाक्यात राहतो. देशाचा विजेता क्लब मात्र अशी मधली पायरी न चढता थेट आशियाच्या मैदानात उतरतो. तिथे आपल्या क्लबांचे जे हाल होतात, त्यामागे ही गाळलेली पायरी हे मोठे कारण आहे असे माझे मत आहे. दक्षिण आशियातल्या शेजारी देशांच्या विजेत्या क्लबांची दरवर्षी ठरलेल्या वेळी स्पर्धा व्हावी, हे मागणे त्यातूनच येते.

महाराष्ट्राला हा अनुभव जवळचा आहे. एप्रिल 2022 मध्ये मुंबई सिटी एफसी रियाधमध्ये एएफसी चॅम्पियन्स लीग ही आशियातली पहिल्या फळीची क्लब स्पर्धा खेळला. 11 एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध तो आधी मागे पडला, मग दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि मुंबईच्याच राहुल भेकेने डोक्याने मारलेल्या गोलवर संघाने सामना 2-1 असा जिंकला. या स्पर्धेतला भारतीय क्लबचा हा पहिला विजय. मुंबईने गटात दुसरे स्थानही मिळवले. आपण पोहोचलो, असे तेव्हा अनेकांना वाटले. पुढच्या खेपेला, 2023-24 मध्ये, गटात सौदीचा अल-हिलाल, उझबेकिस्तानचा नवबहोर आणि इराणचा नासाजी होते. मुंबईने सहाही सामने गमावले. त्यातला अल-हिलालविरुद्धचा रियाधमधला सामना 6-0 असा. नासाजी बालेवाडीत आला, अल-हिलाल नवी मुंबईत आला, प्रेक्षकांना मोठी नावे पाहायला मिळाली. पण सहा पराभवांतून संघाने काय शिकावे? अंतर एवढे असले की चूक बचावाची होती, डावपेचांची होती की निव्वळ पैशांची, हेसुद्धा कळत नाही.

याच्या उलट चित्र एएफसी कपने काही वर्षे दाखवले. आशियातल्या या दुसऱ्या फळीच्या स्पर्धेत 2017 पासून दक्षिण आशियाचा वेगळा विभाग होता आणि भारताचे क्लब बांगलादेश, मालदीव, नेपाळ इथल्या क्लबांशी गटात खेळत. मिझोरामच्या ऐजॉल एफसीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरलेला, मग परत घेतला गेलेला हा क्लब 2017 मध्ये आय-लीगचा विजेता झाला, आणि 2018 मध्ये एएफसी कपच्या गटात ढाक्याच्या अबाहानी व मालेच्या न्यू रेडियंटशी खेळला. महानगर नसलेल्या शहराच्या संघाला आंतरराष्ट्रीय सामना मिळाला, तोही आपल्या ताकदीच्या जवळपासच्या संघांशी. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातल्या फुटबॉलप्रेमींनी अल-हिलालच्या तारांकित खेळाडूंपेक्षा ऐजॉलकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

2024 मध्ये आशियाई महासंघाने स्पर्धांची नव्याने मांडणी केली. आता एलिट, टू आणि चॅलेंज अशा तीन पातळ्या आहेत, आणि देशाचा दर्जा पाहून क्लब कुठल्या पातळीवर खेळणार ते ठरते. त्यामुळे भारताचे क्लब बहुतेक दुसऱ्या पातळीवर, तर बांगलादेश, भूतान, मालदीवचे तिसऱ्या पातळीवर गेले. शेजारी शेजाऱ्याशी खेळेनासा झाला. अपवाद घडला तो अपघाताने. पात्रता सामना हरल्यामुळे ईस्ट बंगाल चॅलेंज लीगमध्ये आला आणि 2024 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये थिंफूला खेळला. भूतानच्या पारो एफसीशी 2-2 बरोबरी, ढाक्याच्या बशुंधरा किंग्सवर 4-0 आणि लेबनॉनच्या नेजमेहवर 3-2 असा विजय मिळवून त्याने उपांत्यपूर्व फेरी गाठली. भूतानच्या विजेत्याने कोलकात्याच्या एवढ्या जुन्या क्लबला बरोबरीत रोखले, ही त्या आठवड्यातली मला सर्वांत महत्त्वाची बातमी वाटते. 

‘शेजारी दुबळे आहेत, त्यांच्याशी खेळून काय मिळणार?’ हा आक्षेप मग कितपत टिकतो? 2019 च्या एएफसी कपमध्ये ढाक्याच्या अबाहानीने चेन्नईयिन आणि मिनर्व्हा पंजाब या दोन भारतीय क्लबांना मागे टाकून गट जिंकला आणि पुढच्या फेरीत उत्तर कोरियाच्या एप्रिल 25 या संघाला ढाक्यात 4-3 असे हरवले. शेजाऱ्यांना आपण कमी लेखतो, कारण त्यांच्याशी पुरेसे खेळतच नाही.

दुसरा आक्षेप राजकारणाचा, आणि तो हलका नाही. शेजाऱ्यांचे संबंध बिघडले की व्हिसा अडतो, सामना अडतो. पण शेजारी देशांच्या क्लब स्पर्धेच्या कल्पनेचा उगमच बिघडलेल्या शेजारात झाला. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले आणि त्याच भूमीतल्या देशांत कटुता उरली. तिथेच 1927 मध्ये ऑस्ट्रियाच्या ह्युगो माइझल यांच्या पुढाकाराने मित्रोपा कप सुरू झाला. ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया यांचे प्रत्येकी दोन क्लब, पहिला विजेता स्पार्टा प्राग. हेतू भाबडा नव्हता: या देशांत नुकतेच सुरू झालेले व्यावसायिक फुटबॉल जगवायला गर्दी हवी होती, आणि ती शेजाऱ्याविरुद्धच्या सामन्याला जमत होती. भांडणेही झाली. 1932 मध्ये युव्हेंट्स आणि स्लाव्हिया प्राग यांच्या सामन्यात स्लाव्हियाच्या गोलरक्षकाला दगड लागला, दोन्ही संघ बाद झाले आणि अंतिम सामना न खेळताच बोलोन्या विजेता ठरला. तरीही पुढच्या वर्षी स्पर्धा झाली. युरोपीय कप आला तो त्यानंतर खूप उशिरा, 1955 मध्ये. दक्षिण अमेरिकेत 1948 ला सांतियागोमध्ये विजेत्या क्लबांची स्पर्धा झाली, तीही खंडाच्या अधिकृत स्पर्धेच्या आधी. आपल्याकडेच उदाहरण हवे असेल तर डिसेंबर 2025 मध्ये काठमांडूला झालेली महिलांची पहिली सॅफ (दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघ) क्लब स्पर्धा आहे. कराचीचा क्लब त्यात होता आणि विजेता ईस्ट बंगाल ठरला. तिसऱ्या देशात सामने ठेवले की वाट निघते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: अशा स्पर्धा टिकत नाहीत. स्कँडिनेव्हियाची रॉयल लीग 2004 ते 2007 एवढीच चालली, आयर्लंडच्या दोन भागांतल्या क्लबांचा सेटांटा कप 2014 नंतर थांबला, आणि मित्रोपाही शेवटी क्षीण होऊन 1992 मध्ये संपला. पण त्यांच्या क्लबांना युरोपची मोठी स्पर्धा हाताशी होती, म्हणून लहान स्पर्धा नकोशी झाली. आपली स्थिती तशी नाही. दक्षिण-पूर्व आशियाने 2003 मध्ये जकार्ताला घेतलेला आसियान क्लब कप ईस्ट बंगालने जिंकला होता. तोच कप त्या देशांनी 2024-25 मध्ये पुन्हा मोठ्या स्वरूपात उभा केला. त्यांना मधली पायरी लागते, आपल्याला कशी लागणार नाही?

घरची अडचण मात्र मान्य करायला हवी. 2025 मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम नेहमीच्या वेळी सुरूच झाला नाही. ज्या देशाची लीग डळमळीत, त्याने विजेता कुठून पाठवायचा? म्हणून सुरुवात लहान असावी. पाच-सहा देशांचे विजेते, एकच यजमान शहर, दोन आठवडे, आणि तारीख दरवर्षी तीच. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने हा आग्रह सॅफकडे धरावा. महिलांची स्पर्धा पाच क्लबांवर उभी राहिली आहे, पुरुषांची त्याहून मोठी असण्याची गरज नाही.