घरी डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या, तर?

सबमिशनच्या धामधुमीत घरून फोन येतो, "बाबांना डिप्रेशनच्या गोळ्या चालू केल्यात. तू काळजी करू नकोस." काळजी वाटतेच, पण नेमके करायचे काय, हे कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

या गोळ्या क्रोसिनसारख्या तासाभरात काम करत नाहीत. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही नेहमीची औषधे. त्यांचा गुण जाणवायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात, पुरता फायदा दिसायला 6 ते 8. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना टाइम लॅग समजावून सांगायला नको! पंचाईत अशी की मळमळ, डोकेदुखी, झोप बिघडणे हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. मग घरचेच म्हणतात, "गुण नाही, वर त्रास; बंद करा." अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना फोन लावायचा. डोस कमी-जास्त करता येतो, गोळीही बदलता येते.

दुसरी चूक बरे वाटल्यावर होते. "आता ठणठणीत आहे" म्हणून गोळ्या सोडल्या जातात. खरे तर त्यानंतरही बहुधा किमान 6 ते 9 महिने औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. एकदम सोडल्यास चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात करंट बसल्यासारखे वाटते. लोक याला "सवय लागली" म्हणतात, पण व्यसनातली तलफ इथे नसते. सवयीची भीती खरी आहे ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. त्या डॉक्टर सांगतील तितकेच दिवस.

आता सुरक्षिततेचे. रुग्ण 25 वर्षांखालचा असेल, म्हणजे आपला भाऊ-बहीण किंवा रूममेट, तर सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेत 2004 मध्ये लहान मुलांसाठी आणि 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी औषधांवर तसा इशारा आला. वय काहीही असो, एकाएकी तगमग वाढली, झोप उडाली, निरवानिरवीची भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि सरळ विचारा, "जीव नकोसा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर "हो" आले तर त्यांना एकटे सोडू नका. गोळ्या एका माणसाच्या ताब्यात, कुलपात ठेवा. घर शेतकऱ्याचे असेल तर फवारणीचे औषध त्याच दिवशी घराबाहेर हलवा. ती लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. ती ओसरेपर्यंत साधन हाताशी नसले, तर जीव वाचतो.

हॉस्टेलवरून काय करता येईल? रोज एक फोन. पण "गोळी घेतली का?" अशी हजेरी नको, "आज जेवलात का, बाहेर चक्कर मारली का?" असे विचारा. झोप, भूक, चुकलेले डोस वहीत टिपा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येते. ॲम्ब्युलन्ससाठी 108.

घरी जावे लागले तर रजेच्या अर्जात "पोटदुखी" लिहू नका. रेक्टर सरांना खरे कारण सांगा. आणि सरांनीही ते टायफॉइड म्हटल्यावर जसे ऐकले असते, तसेच ऐकावे.