घरच्या होलोग्रामला लेझरपेक्षा वाळू महत्त्वाची

एटीएम कार्डावर चमकतं तसलं चित्र घरी करता येतं का? येतं. लेझर आता स्वस्तात मिळतो. खरी अडचण आहे ती थरथरीची.

साध्या फोटोत उजेड कुठं किती, एवढंच उमटतं. होलोग्रामच्या प्लेटवर मात्र थेट लेझरचा उजेड आणि वस्तूवरून परतलेला उजेड एकमेकांत मिसळून अतिबारीक पट्टे तयार होतात. वस्तूची खोली त्यातच नोंदली जाते. लाल लेझरची तरंगलांबी 650 नॅनोमीटरच्या आसपास. तिच्या पाव भागाइतकी जरी वस्तू सरकली, तरी पट्टे पुसले जातात आणि महागडी प्लेट वाया. रस्त्यावरून गेलेला ट्रकही तेवढ्याला पुरतो!

प्रयोगशाळेत यासाठी जडशीळ टेबल असतं. 1970च्या सुमारास लॉइड क्रॉस आणि शिल्पकार जेरी पेथिक यांनी त्यावर स्वस्त तोड काढली: हवा भरलेल्या ट्यूबवर ठेवलेली वाळूची पेटी. आरसे, भिंगं त्या वाळूतच रोवायची.

घरी सोपी पडते ती रशियन शास्त्रज्ञ युरी डेनिस्युक यांची 1962ची पद्धत. अंधारात प्लेटच्या अगदी मागं वस्तू ठेवायची आणि समोरून पसरलेला लेझर सोडायचा. असा होलोग्राम साध्या बल्बखालीही दिसतो. वस्तू नाणं किंवा शिंपल्यासारखी टणक हवी. फूल, कापड नको. पंखा बंद करून काही मिनिटं थांबावं.

लेझरच्या झोतात मात्र डोळा कधीच घालू नये. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरने डोळे दुखावल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत.