राक्षसभुवन ते स्टालिनग्राड : युद्धाच्या पोवाड्याचा मागोवा

पोवाडा हा मराठीतील युद्धगायनाचा सर्वांत मोठा प्रकार आहे. लढाईआधीची खलबते, फौजांची कूच, प्रत्यक्ष रण आणि त्याचा शेवट हे सारे एकाच रचनेत बांधून उभ्याने गाण्याची ही रीत साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. एकाच कथेभोवती सबंध अल्बम गुंफण्याचे काम आज प्रोग्रेसिव्ह मेटलचे बँड करतात. मराठी शाहिराने तेच काम डफ, तुणतुणे आणि झांजेवर केले.

पोवाड्याची बांधणी ऐकताना चटकन ध्यानात येते. कार्यक्रमाआधी डफ विस्तवावर शेकतात, कारण दमट हवेत कातडे सैल पडते आणि थाप बसत नाही. शाहीर पुढे उभा राहतो, सूर धरणारे झीलकरी मागे. आधी नमन होते, मग चौकामागून चौक कथा पुढे सरकते. खलबताचा भाग संथ चालीत येतो. फौज निघाली की लय चढते. हातघाई सुरू झाली की चाल पार बदलते आणि शब्द एकमेकांवर आदळू लागतात. ऐन भरात शाहीर गाणे तोडतो, दोन वाक्ये नुसती बोलून सांगतो, आणि झीलकऱ्यांच्या ‘जी जी रं जी’वर पुन्हा उसळतो. शेवटच्या चौकात तो आपले नाव गुंफतो. श्रोत्याला दोन घटका हलू न देण्याची ताकद या चढउतारात आहे. नुसत्या शौर्याच्या वर्णनाने ते साधत नाही.

उपलब्ध पोवाड्यांत अगिनदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा सर्वांत जुना मानतात. घटना १६५९ची. तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा १६७०च्या स्वारीवर आहे. त्यात तानाजी मालुसऱ्यांच्या मुलाच्या, रायबाच्या, लग्नाची तयारी आणि गडाची मोहीम समोरासमोर येतात. घरचे कार्य बाजूला पडते आणि बाप परत येत नाही. पुढच्या शेकडो पोवाड्यांपेक्षा हा पोवाडा मनात जास्त रुततो, तो या घरगुती धाग्यामुळे.

बीड जिल्ह्याच्या मातीतली मोठी लढाई राक्षसभुवनची. गेवराई तालुक्यातले हे गाव गोदावरीच्या दक्षिण काठावर आहे. १७६१च्या पानिपतानंतर मराठी सत्ता खचली, असे समजून हैदराबादच्या निजाम अलीने १७६३मध्ये पुण्यावर चाल केली आणि शहर लुटून जाळले. परतताना त्याची फौज गोदावरी ओलांडू लागली. पावसाळा होता, नदीला पूर होता. निजाम स्वतः पलीकडे पोचला, पण त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेच्या मोठ्या भागासह अलीकडेच राहिला. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी त्याला तेथे गाठले. माधवराव पेशव्यांचे काका राघोबादादा शत्रूच्या गराड्यात सापडले, तेव्हा अठरा वर्षांच्या माधवरावांनी पुढे होऊन बाजू सावरली. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या धन्याला पुरामुळे त्याच्या मदतीला येता आले नाही. पोवाड्याला हवे ते सगळे या एका प्रसंगात आहे: जळालेले पुणे, काका-पुतण्यातला ताण, दुथडी भरलेली नदी आणि दोन काठांवर तुटलेली फौज.

तरी शाहिरांच्या डफावर जास्त गाजली ती खर्ड्याची लढाई. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात आहे आणि हा तालुका बीडच्या आष्टी-पाटोद्याला लागून आहे. ११ मार्च १७९५ची ही लढाई तशी थोडक्यात आटोपली. निजाम घाबरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, तिथे पाण्याचे हाल झाले आणि त्याला तह करावा लागला. मनुष्यहानी फार नव्हती. शाहिरांना मोठे वाटले ते निराळेच. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन असे सगळे सरदार पेशव्यांच्या एका निशाणाखाली शेवटचे एकत्र आले ते इथे. म्हणूनच अशा रचनेत सरदारांच्या नावांची लांबलचक माळ येते. वाचताना ती कंटाळवाणी वाटते, पण डफावर तीच अंगावर काटा आणते. त्याच वर्षी ऑक्टोबरात पेशवे सवाई माधवराव गेले, आणि खर्ड्याचा विजय गाणाऱ्या पिढीलाच पेशवाईचा अस्तही गावा लागला.

एकोणिसाव्या शतकात पोवाडा कागदावर आला. महात्मा फुल्यांनी १८६९मध्ये शिवाजीराजांवर पोवाडा रचून तो कुळवाड्यांच्या बाजूने सांगितला. इंग्रज अधिकारी अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. चाली मात्र कागदावर उतरल्या नाहीत. त्या गाणाऱ्यांच्या गळ्यातच राहिल्या. 

विसाव्या शतकातली सर्वांत धाडसी उडी अण्णा भाऊ साठे यांची. स्टालिनग्राडची लढाई फेब्रुवारी १९४३मध्ये संपली आणि मुंबईच्या कामगार वस्तीत राहणाऱ्या या शाहिराने तिच्यावर पोवाडा रचला. रशिया त्यांनी तेव्हा पाहिलाही नव्हता. तिकडे ते गेले १९६१मध्ये. या पोवाड्यात राजा नाही, सरदारांची माळ नाही. शहर लढवणारी माणसेच त्याचे नायक आहेत. १९४४मध्ये अण्णा भाऊ, द. ना. गव्हाणकर आणि बार्शीचे अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. पोवाड्याचा रोख राजाकडून रयतेकडे पुरता वळला तो इथे.

कथेत गुंफलेल्या युद्धसंगीताचा परदेशातला अलीकडचा नमुना म्हणून क्वीन्सराइक या अमेरिकन मेटल बँडच्या ‘अमेरिकन सोल्जर’ या २००९च्या अल्बमचे नाव घेता येते. तो माजी सैनिकांच्या मुलाखतींवर उभा आहे. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या मेटल बँडने २०१७मध्ये ‘दशावतार’मध्ये एकेका अवतारावर एकेक गाणे रचले. वाद्ये, आवाज, श्रोते सगळे वेगळे, पण लांब कथा लयीच्या चढउतारावर तोलण्याची युक्ती पोवाड्याचीच. साध्या शिपायाचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकवण्यात मात्र पोवाडा मागे पडला. खर्ड्याच्या किल्ल्यात तहानेने तळमळणारा शिपाई किंवा राक्षसभुवनच्या काठावर अडकलेला प्यादा या परंपरेत जवळजवळ बोलतच नाही. ही उणीव भरून काढायला राक्षसभुवनइतके चांगले ठिकाण दुसरे नाही. आज त्या गावी लोक जातात ते शनीच्या दर्शनाला. १७६३ची लढाई झाली तो गोदाकाठ तिथेच आहे.